मुठीतल्या अक्षता

कहाणी सुरू झाली की मूठ उघडायची नाही आणि तोंडही नाही. रेवती चौसाळकरच्या घरी हा नियम तिच्या आईपासून चालत आलेला. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीच्या कागदापुढे समई लागायची, दूध-साखर आणि फुटाण्यांचा नैवेद्य ठेवला जायचा आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चिमूटभर अक्षता पडायच्या. कहाणी संपली की त्या देवीला वाहायच्या. तोवर मनात काही आलं तर ते मनातच. मध्ये कोणी बोललं तर कहाणी तुटते, आणि तुटलेली कहाणी पहिल्यापासून वाचावी लागते.

"शंका अक्षतांबरोबर मुठीत धरून ठेव," रेवती लेकीला म्हणायची. "कुठे पळून जात नाही ती."

तेरा वर्षांची ऋजुता मांडी घालून, उजवी मूठ उताणी मिटून आणि तिच्याखाली डावा तळवा धरून बसायची. डोळे मात्र सारखे लुकलुकत असायचे. त्या शुक्रवारी शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच ती पुढे सरकली.

"आता विचारू?"

"आधी अक्षता वाहा."

"वाहिल्या. आई, जावांनी घरातलं सगळं तेल सांडून टाकलं होतं. म्हणजे घरात दिवा नव्हता. बरोबर?"

"बरोबर."

"बाहेर अमावास्या."

"हो गं बाई."

"मग दारात आलेल्या म्हातारीच्या कपाळावरचं कुंकू धाकट्या सुनेला दिसलं कसं?"

"देवीच ती. देवीला तेज असतं."

"मग थोरल्या जावेला का नाही दिसलं? ती पण दारातच उभी होती. तेज काय एकटीपुरतं असतं?"

पलीकडे खुर्चीत फुटाणे खात बसलेला सुहास हसायला लागला. "रेवती, यंदा देवीला वकील द्यावा लागतोय."

"तुम्ही गप्प बसा हो," असं म्हणत रेवतीने देवीला हात जोडले. लेकरू आहे, सांभाळून घे. पण आतून तिला बरं वाटलं होतं. लहानपणी हीच शंका तिलाही आली होती. तिच्या आईने तेव्हा उत्तराऐवजी मूठभर फुटाणे दिले होते.

सुहासचं अंबाजोगाईत पंपदुरुस्तीचं दुकान होतं. होतं म्हणजे अजून होतं, एवढंच. आता नवे पंप स्वतःचा बिघाड स्वतःच ओळखत, स्वतःच सुटा भाग मागवत. त्यामुळे ऋजुताची अशी एकेक शंका ऐकली की सुहासचा जीव सुपाएवढा व्हायचा. "ही ब्रेकवाली होणार," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "लिहून घ्या माझ्याकडून."

ब्रेकवाली म्हणजे काय, ते त्या दिवसांत लहान पोरालाही ठाऊक होतं. प्रोग्रॅम लिहिण्याचं काम माणसाकडे उरलं नव्हतं. यंत्रंच यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहीत. धरणाचे दरवाजे, रेल्वेचे सिग्नल, दवाखान्यातल्या औषधांची मात्रा, सगळं तेच ठरवत. आणि ती फारशी चुकत नसत. पण चुकली, तर अगदी ठाम, गोड आवाजात चुकत. त्या क्षणी "थांब" म्हणणारा माणूस समोर बसलेला असायला हवा. संगणकशास्त्राच्या नावाखाली आता एवढंच शिकवलं जाई, थांबवणं. कागदावर या शिक्षणाचं नाव नियंत्रण शाखा होतं, पण लोक ब्रेकवालेच म्हणत. लग्नाच्या बैठकीत "मुलगा ब्रेकवाला आहे" म्हटलं की पुढचं कोणी विचारत नसे.

ही मुलं निवडायची कशी? तर्काचे लेखी पेपर केव्हाच निकामी झाले होते. शिकवण्या लावून सगळेच पैकीच्या पैकी आणत. म्हणून संशोधकांनी जे शिकवता येत नाही, ते मोजायचं ठरवलं.

आपण काही ऐकत असतो, तेव्हा मेंदू पुढचा शब्द आधीच मांडून ठेवत असतो. "आईने चुलीवर दूध" एवढं कानावर पडलं की "ठेवलं" मनात तयार असतं. तिथे "शिवलं" आलं, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. आपल्याला काही खटकलं हे आपल्यालाच कळायच्या आधी ती उठलेली असते. मागोमाग तळहाताला किंचित घाम येतो, बोटं आवळतात. शब्दाचं जसं, तसंच नियमाचं. गोष्टीत एखादा नियम सांगितला आणि पुढे गोष्टीनेच तो मोडला, तर ज्याचा तर्क जागा आहे त्याच्या डोक्यात ती लाट येतेच.

तर्कवेध चाचणी याच लाटेवर उभी होती. मुलाच्या कपाळाला एक पट्टी बांधत, हातात मऊ गोळा देत (पोरं त्याला लाडू म्हणायची) आणि त्याला एक गोष्ट ऐकवत. गोष्टीत कुठेतरी तर्क मोडलेला असे. लाट उठली की नाही, तो वेध. मूल बोलून गोष्ट थांबवतं की नाही, तो आक्षेप. वेध नसलेली मुलं इतर कामांना जात, त्यात कमीपणा काही नव्हता. पण वेध आहे आणि आक्षेप नाही, अशा मुलांचा गट वेगळा होता. त्याचं नाव मूक.

मूक गटाला सगळ्यांत धोक्याचा मानत. त्यालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका धरणावर यंत्राने भलताच दरवाजा उघडला आणि खालची गावं पाण्यात गेली. तपासात निघालं, की तिथे बसलेल्या माणसाला ते आधीच खटकलं होतं. यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं म्हणून तो गप्प राहिला. त्यानंतर कायदा झाला. मूक ठरलेल्याला नियंत्रणाच्या कुठल्याही खोलीत आयुष्यभर प्रवेश नाही.

आणि चाचणी एकदाच. ज्याला माहीत आहे की चूक येणार, त्याचा मेंदू आधीपासून दबा धरून बसतो. ती लाट निराळीच दिसते. पढवलेली मुलं तिथेच पकडली जात आणि बाद होत. म्हणून पालकांकडून लिहून घेत, की चाचणीविषयी मुलाशी आधी किंवा नंतर एक अक्षरही बोलणार नाही.

रेवती आणि सुहासने सही केली ती देवघरासमोर बसून.

चाचणीच्या सकाळी ऋजुता वेणी घालत होती, तेव्हा सुहासने रेवतीला स्वयंपाकघरात गाठलं. "एवढंच सांगू तिला, की काही खटकलं तर लगेच बोल. यात कुठे पढवणं आलं? कोणीही बाप सांगेल असं."

"सही केली आहे आपण."

"सगळे सांगतात गं. त्या समोरच्यांनी तर पोराला पाठ करून घेतलंय."

"आणि तो बाद झाला म्हणजे? त्यांचं त्यांच्यापाशी. मला सही आणि वसा यांत फरक कळत नाही, अहो. घेतला तो घेतला."

"तुझे वसे!" सुहास म्हणाला. पण त्याने ऐकलं. आजवर तिच्या वशांनी घराचं वाईट झालेलं त्याला आठवत नव्हतं.

योगेश्वरीचं दर्शन घेऊन तिघं केंद्रावर गेली. एका बाईंनी ऋजुताला आत नेलं. जाताना तिने मागे वळून आईकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या, म्हणजे काळजी नको. रेवती बाकावर बसून जप करत राहिली.

ऋजुता बाहेर आली ती नाचतच. "आई, लाडू काय मऊ होता! आणि त्या गोष्टीत ना चक्क चूक होती. मी सांगणारच होते, पण गोष्ट संपली आणि लगेच त्या बाईंनी—"

"शू," रेवती म्हणाली. तिने लेकीच्या ओठांवर बोट ठेवलं. "चाचणीबद्दल बोलायचं नाही. सही केली आहे."

ऋजुता गप्प झाली. नियम तिला कळत होते.

निकाल आला. वेध: अत्युच्च. आक्षेप: नाही. गट: मूक.

सुहासने तो दोनतीनदा वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. "माझी पोरगी मूक?" तो म्हणाला. "ही? देवीला सोडत नाही ती!" तो दुकानात निघून गेला. तिथे करण्यासारखं काही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

रेवती हुमेराकडे गेली. डॉ. हुमेरा काझी केंद्राची प्रमुख होती आणि रेवतीची लहानपणची मैत्रीण. एका गल्लीत वाढलेल्या. श्रावणी शुक्रवारी फुटाण्यांच्या ओढीने हुमेरा हमखास हजर असायची. रेवतीची आई तिच्या हातात अक्षतांऐवजी खडीसाखर द्यायची आणि म्हणायची, "तुझी पूजा वेगळी, पण ऐकायची शिस्त तीच. मूठ मिट." कहाणी संपेपर्यंत तिचा तळवा चिकट व्हायचा.

"चूक असणार गं काहीतरी," हुमेरा म्हणाली. "अशा पोरीचा आक्षेप शून्य येतोच कसा? बस, चित्रणच बघू."

पडद्यावर ऋजुता दिसली, खुर्चीत, कपाळावर पट्टी बांधलेली. गोड आवाजात गोष्ट चालू झाली. एका बेटावर तीन पूल होते. लाल पुलावरून फक्त जाता येई, परतता येत नसे, परतायला निळा. व्यापारी गेला, त्याने माल विकला, त्याला वाटेत चोर भेटले. गोष्ट रंगत गेली. आणि मग सहज, काही घडलंच नाही अशा सुरात, "व्यापारी लाल पुलावरून आनंदाने घरी परतला."

पडद्याच्या कडेची रेषा उसळून वर गेली.

"बघितलंस?" हुमेरा पुढे वाकली. "एवढा उंच वेध मी यंदा पाहिला नाही. आता बोल, बेटा. बोल ना."

ऋजुताचे ओठ उघडले होते. मग तिने खाली, आपल्या मुठीकडे पाहिलं, आणि ते मिटले. डोळे मात्र चमकत राहिले, गोष्ट संपण्याची वाट पाहत.

हुमेराने चित्र थांबवलं. "रेवा, ही मूठ अशी का धरली आहे हिने? पोरं लाडू मांडीवर दाबून धरतात. ही उताणी... आणि खाली डावा हात..." तिचं वाक्य तिथेच राहिलं.

दोघीही तशाच बसल्या होत्या कितीतरी शुक्रवारी, एकमेकींच्या शेजारी.

"तिला बोलायचं होतं, हुमा," रेवती हळू म्हणाली. "गोष्ट संपल्यावर. आमच्याकडे नंतर विचारतात. बाहेर आल्याआल्या सांगत होती मला. मीच शू म्हटलं."

"नंतर असं काही नसतं गं. धरण नंतरची वाट बघत नाही."

"पण तिला कळलं होतं ना? सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तू लिही तसं. कारण लिही."

हुमेराने लिहिलं. मूठ मिटून गोष्ट ऐकण्याची रीत काय असते, तिचा चाचणीवर परिणाम कसा झाला, सगळं सविस्तर, मुद्देसूद. अर्ज तपासणारंही यंत्रच होतं. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं: कारण संगोपनाचं असो की स्वभावाचं, मोजमाप मौनाचं आहे. अर्ज नामंजूर. नियमाप्रमाणे ते उत्तर एका ब्रेकवाल्याच्या नजरेखालून गेलं होतं. त्याला त्यात काही खटकलं नव्हतं.

हे सांगायला हुमेरा स्वतः घरी आली. रेवती चहा टाकायला उठली, तर तिने हात धरून बसवलं.

"लाडू मुठीत द्यायची कल्पना कोणाची होती, माहीत आहे? माझी. समितीत सगळे म्हणत होते, बोटाला चाप लावू. मुलं चुळबुळ करायची, मापं बिघडायची. मी म्हटलं, हातात काहीतरी धरायला द्या, मूल शांत ऐकतं. मी लहानपणी पाहिलंय. कुठे पाहिलंय ते नाही सांगितलं."

रेवती ऐकत होती.

"आणि त्याच बैठकीत मनात आलं होतं गं माझ्या, की आमच्या रेवाच्या घरी मूठ मिटली की तोंडही मिटतं. अशी घरं असतील, अशी मुलं असतील. खटकलं होतं मला. पण अध्यक्ष बोलत होते. म्हटलं, बैठक संपली की सांगू." हुमेराने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "बैठक संपली आणि सगळे जेवायला गेले."

रेवतीने तिच्या हातावर हात ठेवला.

अर्जाचाही निकाल लागला तसं सहीचं बंधन संपलं होतं; आता ऋजुताला सांगणं भाग होतं. संध्याकाळी तुळशीला दिवा लावून झाल्यावर रेवतीने तिला जवळ घेतलं. "तुला चूक कळली होती, बाळा. बरोबर कळली होती. फक्त ती गोष्ट चालू असताना बोलून दाखवायला हवी होती."

ऋजुताने विचार केला. "मग हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"सही केली होती."

"आणि मी बाहेर येऊन सांगत होते, तेव्हा?"

"तेव्हाही सहीच..."

"आणि गोष्ट मध्ये तोडायची नाही, हे तूच शिकवलंस."

"हो."

"म्हणजे मी दोन्हीकडे तुझं ऐकलं," ऋजुता म्हणाली. आवाजात राग नव्हता. गणित सोडवून झाल्यावर ती असंच बोलायची. मग ती उठून आत गेली. रेवतीला वाटलं, हिने भांडायला हवं होतं. दार आपटायला हवं होतं.

नव्या वर्षी ऋजुता सहायक शाखेत गेली. तिथे यंत्र सांगेल ते नीट, वेळेवर आणि न चुकता करायला शिकवत. ती छान करायची. पालकांच्या सभेत वर्गशिक्षक मनापासून म्हणाले, "अशी मुलगी सगळ्यांना मिळो, ताई. एकदा सांगितलं की पुन्हा म्हणून विचारत नाही." सुहास तिथून उठला. घरी येताना त्याने फक्त एवढंच म्हटलं, "पूर्वी पंपाचा आवाज ऐकून मला कळायचं आत काय तुटलंय ते."

रोजच्या पूजेत खंड नव्हता. पण आताशा हात जोडले की रेवतीला काय मागावं ते सुचायचं नाही. लेकीला शाखा बदलून दे, असं मागण्यात अर्थ नव्हता. ती एवढंच म्हणायची: तिला एक शंका येऊ दे. एकच. माझ्याशी वाद घालू दे.

श्रावण आला. शुक्रवारी जिवतीपुढे समई लागली, दुधात साखर विरघळली. सुहास खुर्चीत बसला. ऋजुता मांडी घालून बसली, अक्षता घेतल्या, मूठ मिटली, खाली डावा तळवा धरला.

रेवती वाचू लागली. धाकट्या सुनेचीच कहाणी. हिच्यातला एक शब्द तिच्या आईने कधी बदलला नव्हता, तिनेही नाही. पण आज सकाळी अंघोळ करतानाच तिने ठरवून टाकलं होतं. देवी, पाप माझं. माझ्या पदरात घाल, तिच्या नको.

"थोरली जाऊ त्या दिवशी सकाळीच माहेरी निघून गेली," तिने वाचलं. असं कहाणीत कुठेच नव्हतं. सुहासने मान वर केली.

मग पुढे: तेल सांडलं, दिवा नाही, अमावास्या, दार वाजलं. "आणि म्हातारी आली, तेव्हा थोरली जाऊ दारातच उभी होती."

रेवती थांबली. तिने लेकीच्या हाताकडे पाहिलं.

ऋजुताची मूठ आवळली गेली होती. बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यासाठी पट्टीही नको होती, पडदाही नको होता. कळलं होतं. सगळं कळलं होतं पोरीला.

बोल, रेवती मनात म्हणाली. तोड माझी कहाणी.

समईची वात तडतडली.

"वाच ना, आई," ऋजुता म्हणाली. "थांबलीस का?"

रेवतीने कशीबशी कहाणी शेवटाला नेली. ऋजुताने पुढे होऊन अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि ती मागे सरकून बसली. तळहातावर तांदळाचे दाणे खोल उमटले होते.

"आता विचार," रेवती म्हणाली.

"काही नाही."

"काहीच खटकलं नाही तुला?"

"खटकलं की. थोरली जाऊ सकाळीच माहेरी गेली होती. ती दारात कशी असेल?"

"मग बोलली का नाहीस? आत्ता तरी? मी विचारल्यावर सांगतेस!"

ऋजुताने आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात दुःखही नव्हतं. नवीन माणसाला घरातली सवय समजावून सांगावी, तशी ती म्हणाली, "ते माझं काम नाही ना गं आता."

सुहास उठून अंगणात गेला. वाटीतले फुटाणे तसेच राहिले.

रेवती बराच वेळ जिवतीच्या कागदाकडे पाहत होती. कहाणी चुकीची वाचली गेली होती. चुकलेली कहाणी तशीच टाकून उठता येत नाही. तिने पदर सारखा केला, समईत तेल घातलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

ऋजुताने कोणी न सांगता ताटलीतून नव्या अक्षता उचलल्या आणि मूठ मिटून घेतली.